ब्रेबॉर्नवरचे दोन सामने

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९९७च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेलं भाषण)



सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या मित्राने मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, ‘आयटीतली बावीस वर्षं’. त्यातलं सांगण्यासारखं लवकर संपतं. पाठ दुखते, चष्म्याचा नंबर वाढतो आणि आपण नक्की काय बनवतो ते आईला दाखवता येत नाही. बँकांचे पैसे इकडून तिकडे जातात, त्यांच्या मधल्या नळाचं काम मी करते, एवढंच मी तिला सांगून ठेवलं आहे. तेव्हा परवानगी असेल तर उरलेला वेळ मी क्रिकेटवर बोलते. बाई, तुम्ही हसताय, म्हणजे परवानगी आहे असं धरते.

मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर मी आजवर दोनच सामने पाहिले. एक २०१३च्या फेब्रुवारीत, दुसरा २०२५च्या मार्चमध्ये. दोन्ही सामने बायकांचे. आणि दोन्हींत एक खेळाडू तीच होती. पण आधी त्या जागेबद्दल थोडं सांगते, कारण मला आज खरं बोलायचं आहे ते जागेबद्दल.

तुमच्यापैकी अनेकजण चर्चगेटला रोज उतरत असतील आणि तरी ब्रेबॉर्न आतून पाहिलं नसेल. स्टेशनातून बाहेर पडून वीर नरिमन रोडने मरीन ड्राइव्हकडे चालायला लागलं की डाव्या हाताला ते येतं. पण ‘येतं’ असं म्हणायचं एवढंच. दुकानं, हॉटेलं यांच्या पाठीमागे ते इतकं लपलेलं आहे की नवख्या माणसाला इथे स्टेडियम आहे हे सांगूनही पटणार नाही. एखाद्या चाळीच्या बोळातून आत शिरावं आणि मागे अचानक भलंमोठं अंगण निघावं, तसं ते आहे. फाटकातून आत गेलात की हिरवळ, तिच्या कडेला क्लबाची पांढरी इमारत, आणि वर एवढं मोठं आकाश की दक्षिण मुंबईत तेवढं फक्त समुद्रावर दिसतं.

ती जमीनही मुळात समुद्राचीच. बॅकबेची भरणी करून काढलेली. आपल्यातले अर्धेअधिक खारेपाटातले, खाडीलगतचे. बांध घालून समुद्राकडून जमीन मागून घ्यायची म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की आपण खारजमिनीत भात लावला आणि मुंबईने इमारती लावल्या. त्या इमारतींच्या मधोमध हे मैदान कसं राहिलं, त्याचा एक किस्सा आहे. क्रिकेट बोर्डाचे अँथनी डिमेलो यांनी त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांना विचारलं म्हणे, की खेळाडूंकडून तुम्हाला सरकारसाठी पैसे हवेत की स्वतःसाठी अमर नाव? साहेबांनी नाव निवडलं. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला ९०,००० चौरस यार्ड जागा यार्डाला १३ रुपये ५० पैसे या भावाने मिळाली. आज तेवढ्या पैशात चर्चगेटला वडापावही येत नाही. ७ डिसेंबर १९३७ला लॉर्ड टेनिसन यांच्या संघाशी सामना खेळून स्टेडियमचं उद्घाटन झालं. क्रिकेटसाठी बांधलेलं देशातलं पहिलं कायमचं स्टेडियम.

आपले गणिताचे सर आज इथे आहेत. सर, तुम्हाला आठवत असेल, आठवीत शेकडेवारी शिकवताना तुम्ही एक गणित घातलं होतं. संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांपैकी एकट्याने ३०९ केल्या, तर किती टक्के? मुलांना ते लगेच आलं, आम्हा मुलींना गणित आलं पण गोष्ट कळली नाही. ती गोष्ट ब्रेबॉर्नवरची होती. १९४३ सालची पंचरंगी स्पर्धेची अंतिम लढत, समोर हिंदू संघ, आणि ‘रेस्ट’ संघाकडून विजय हजारे. सहाव्या विकेटसाठी त्यांनी आपल्या भावाबरोबर ३०० धावांची भागीदारी केली, त्यात भावाच्या होत्या २१. उत्तर ८० टक्क्यांच्या जरा आत येतं. मला नेहमी वाटतं की त्या एकवीस धावा करणाऱ्या भावावरही एखादं गणित घालायला हवं होतं. एवढा वेळ टिकून राहायचं आणि इतिहासात ‘दुसऱ्या टोकाला कोणीतरी होतं’ एवढंच उरायचं! घरोघरच्या बायकांना हा भाऊ बरोबर कळेल.

तर, या मैदानावर १९४८पासून कसोटी सामने झाले आणि १९७३मध्ये ते थांबले. तिकिटं आणि बसायच्या जागा कोणाला किती, यावरून क्लब आणि मुंबईची क्रिकेट असोसिएशन यांच्यात बिनसलं. असोसिएशनने जेमतेम पाऊण किलोमीटरवर आपलं स्वतःचं वानखेडे स्टेडियम उभं केलं, आणि १९७५पासून कसोटी सामने तिकडे गेले. म्हणजे भाऊबंदकीत वाटणी झाली आणि धाकट्याने शेजारीच नवं घर बांधलं. ब्रेबॉर्नवर पुढचा कसोटी सामना झाला तो थेट डिसेंबर २००९मध्ये, श्रीलंकेविरुद्ध. सेहवागच्या २९३ धावांचा.

मध्ये छत्तीस वर्षं गेली. मी या छत्तीस वर्षांवर बराच विचार केला आहे, माझ्या नवऱ्याच्या मते गरजेपेक्षा जास्त. चर्चगेटला, मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावर, देशातल्या सगळ्यांत महाग जमिनींपैकी एक जमीन, आणि तिच्यावर कसोटी सामना नाही. कोणालाही वाटावं की एवढी जागा फुकट कशाला अडवायची? पण तिथे रोज पाणी मारलं जात होतं, गवत कापलं जात होतं, रोलर फिरत होता. आणि ‘काही होत नाही’ म्हणता म्हणता तिथे बरंच होत होतं. १९८७च्या जानेवारीत एका प्रदर्शनीय सामन्यात तेरा वर्षांचा सचिन तेंडुलकर थोडा वेळ चक्क पाकिस्तानचा बदली क्षेत्ररक्षक म्हणून उतरला, तो याच मैदानावर. पुढे १९९८मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ आला तेव्हा मुंबईकडून त्याने नाबाद २०४ केले, तेही इथेच.

उगाच गौरव करायला नको, म्हणून हेही सांगते. ब्रेबॉर्न हे काही आपल्यासारख्यांचं मैदान नाही. तो एका खाजगी क्लबाचा कारभार आहे, आणि सामना नसेल त्या दिवशी तुम्हाआम्हाला फाटकातून आत डोकावताही येत नाही. श्रीमंतांना परवडलं म्हणून ते मोकळं राहिलं, असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण राहिलं, हे खरं.

आता २०१३. त्या वर्षी बायकांचा विश्वचषक मुंबईत होता. सामने वानखेडेवर ठरले होते. पण पुरुषांच्या रणजी स्पर्धेत मुंबई पुढे जात होती आणि अंतिम सामन्यासाठी वानखेडे हवं होतं. मग बायकांना सांगण्यात आलं, तुम्ही दुसरीकडे खेळा. जगभरातून आलेले संघ, त्यांचा विश्वचषक, आणि त्यांनी मैदान सोडायचं! आपल्या घरांत पाहुणे आले की बायका आपली ताटं उचलून स्वयंपाकघरात जातात, तशातली ही गोष्ट. तेव्हा मुंबईतले सामने ब्रेबॉर्नवर आले. का आले? तर ते मोकळं होतं म्हणून.

३ फेब्रुवारी, रविवार. मी ठाण्याहून एकटीच गेले, डब्यात पोळीभाजी घेऊन. भारत विरुद्ध इंग्लंड. स्टँडमध्ये इतकी कमी माणसं होती की पहिल्या तासात मी ती मोजायला घेतली होती. पण रिकाम्या स्टेडियमचं एक सुख असतं, सगळं ऐकू येतं. चेंडू बॅटच्या मध्यावर लागला की कडेला, हे डोळे मिटूनही कळत होतं. क्षेत्ररक्षक मुली एकमेकींना ओरडून काय सांगत होत्या तेही. शेजारी एक पोलीस बाई येऊन बसल्या. त्यांनी मला विचारलं, “तुमच्या ओळखीची कोण खेळते का?” त्याशिवाय कोणी रविवारी इथे कशाला येईल, असा तो प्रश्न होता.

इंग्लंडने २७२ केल्या. आपल्या डावात विकेटी पडत गेल्या, पण तेवीस वर्षांची एक मुलगी एका बाजूने खेळतच राहिली. हरमनप्रीत कौर. नाबाद १०७. सामना आपण ३२ धावांनी हरलो. तिचं शतक झालं तेव्हा टाळ्या वाजल्या, त्या इतक्या तुरळक की वेगवेगळ्या मोजता आल्या असत्या. पोलीस बाई मात्र उभ्या राहून वाजवत होत्या. पुढच्या सामन्यात श्रीलंकेकडूनही आपण हरलो आणि आपल्याच देशातल्या विश्वचषकातून पहिल्या फेरीत बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणालाही ते माहीत नव्हतं.

२०२५च्या १५ मार्चला मी परत गेले. महिला प्रीमियर लीगचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध दिल्ली. या वेळी बरोबर आई होती आणि माझी तेरा वर्षांची मुलगी. आई सकाळी मांडव्याहून लाँचने आली. गेटवेला उतरल्यावर टॅक्सीला साफ नकार देऊन, “एवढ्याशा रस्त्याला टॅक्सी?” म्हणत आमच्या पुढे चालत गेली. सामना रात्रीचा, परतीची लाँच मिळणार नाही, मुक्काम ठाण्याला, हे तिला चारदा सांगितलं होतं. तरी पिशवीत तिने रात्रीसाठी घावन घेतलेच होते. ते फाटकावर काढून घेतले. त्याचा राग पहिली दहा षटकं टिकला.

आत गेल्यावर मी पहिल्यांदा काय पाहिलं सांगू? बायकांच्या स्वच्छतागृहासमोरची रांग. हसू नका. स्टेडियममध्ये त्या रांगेत उभं राहायला मिळावं याचा मला किती आनंद झाला, हे इथल्या पुरुषांना कळणार नाही. रांगेत कॉलेजच्या मुली, कडेवर पोरं घेतलेल्या आया, शाळेच्या ट्रॅकसूटमधल्या मुली आणि त्यांच्यावर डाफरणाऱ्या त्यांच्या बाई. स्टँडमध्ये आवाज इतका की शेजारी बसलेल्या आईचं बोलणं ऐकू येईना, चेंडूचा आवाज तर सोडूनच द्या.

आईने आयुष्यभर क्रिकेट ऐकलं ते रेडिओवर, पलीकडच्या खोलीतून, भाजी चिरताना. प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहत होती. मुंबईच्या दोन विकेटी लवकर गेल्या आणि मग हरमनप्रीत आली. तेव्हा ती छत्तीस वर्षांची, मुंबईची कर्णधार. तिने गुडघ्यावर बसून एक स्वीप मारला, तशी आई म्हणाली, “अगो, ही तर अंगण झाडते!” मुलीने तिला सांगितलं की आजी, त्या फटक्याचं नावच झाडणं आहे. त्यानंतर प्रत्येक स्वीपला आई “झाडलं!” म्हणून ओरडायची, आणि दहा मिनिटांत मागच्या दोन रांगांतल्या मुलीही तेच ओरडायला लागल्या. हरमनप्रीतने ६६ केल्या, मुंबईच्या १४९ झाल्या, दिल्लीचा डाव १४१वर थांबला. आठ धावांनी मुंबईने चषक घेतला.

पुढची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. २ नोव्हेंबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, आणि शेवटचा झेल घेतला तो कर्णधार हरमनप्रीतनेच. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री बारानंतर अडीचशे मेसेज होते. मी सगळे वाचले. त्यांतल्या पोलीस बाईंचा कुठला, हे मी उगाच शोधत होते.

पण मला सांगायचं होतं ते मार्चमधल्या मधल्या वेळाचं. दोन डावांच्या मध्ये मुलीने मला विचारलं, “आई, तू शाळेत कुठे खेळायचीस?” मी उत्तर द्यायच्या आधी आई म्हणाली, “तिला कुठलं मैदान? ओहोटी लागली की पळायच्या सगळ्या किनाऱ्यावर. उखाणे घालून बोलवावं लागायचं.”

हे खरंच आहे. आपल्या वेळी शाळेचं मैदान मुलांचं होतं. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, कोणी हाकललंही नाही, पण ते होतंच. आम्हाला पी.टी.च्या तासाला पाण्याच्या टाकीजवळची पट्टी असायची. लंगडी, खो-खो आणि २६ जानेवारीच्या आधी लेझीम. क्रिकेट आम्ही खेळायचो ते ओल्या, घट्ट वाळूवर, झावळीच्या देठाची बॅट करून, भरती येईपर्यंत. आपल्यातली एक डावखुरी मैत्रीण, नाव घेत नाही, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आत्ता खाली बघते आहे, ती असा चेंडू टाकायची की तो पडल्यावर कुठे जाईल हे तिलासुद्धा ठाऊक नसायचं. मुलांच्या टीमला दोनदा हरवलं होतं तिने. नववीत तिचं खेळणं बंद झालं. का, ते इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

आता किनाऱ्याचं काय झालंय ते तुम्ही रोज पाहता. शनिवार-रविवारी वाळूवर गाड्या, टांगे, उंट. गावाबाहेरच्या ज्या पडीक जागांत पोरं स्टंप ठोकायची, तिथे कुंपणं पडली आणि आत बंगले आले. विकणाऱ्यांना मी दोष देत नाही, भाव आले तेव्हा आमच्याही घरात ती चर्चा झाली होती. पण हिशेब केला तर गावात पोरांना पळायला मोकळी अशी मोठी जागा एकच उरली आहे, आणि ती म्हणजे या मांडवाच्या मागची.

त्या मैदानाच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागावर सभागृह बांधायचा माजी विद्यार्थी संघाचा विचार आहे. देणग्यांची यादी वाचली गेली, त्यात माझंही नाव होतं. सभागृह हवंच आहे. पावसाळ्यात परीक्षांना मुलं कशी दाटीवाटीने बसतात ते मी पाहिलं आहे. स्नेहसंमेलन मांडव घालून करावं लागतं, आणि गेल्या वर्षी अवकाळीने मांडवच खाली आणला. ज्यांनी यासाठी चार वर्षं खपून पैसे गोळा केले त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांचं म्हणणं असं, की ते मैदान निम्मा वेळ रिकामंच असतं.

माझ्या कामात हे वाक्य मी दर तीन महिन्यांनी ऐकते. आमच्या यंत्रणेत काही क्षमता मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. दर वेळी कोणीतरी हुशार माणूस विचारतो, ही पडून का आहे, कमी करा, पैसे वाचतील. आणि मग दिवाळीच्या आधल्या दिवशी सगळा देश एकदम खरेदीला निघतो, तेव्हा त्या पडून असलेल्या जागेवरच सगळं तरतं. २०१३च्या त्या मुलींना मुंबईत खेळायला मिळालं ते असंच, एक जुनं मैदान कोणीतरी रिकामं राहू दिलं होतं म्हणून. ज्यांना कुठेच जागा नसते त्यांना जागा मिळते ती अशा रिकाम्या ठिकाणीच. भरलेल्या ठिकाणी ती आधीच कोणाची तरी असते.

काल संध्याकाळी मी मुद्दाम मैदानावर गेले. सातवी-आठवीच्या मुली क्रिकेट खेळत होत्या. मधोमध, टाकीजवळच्या पट्टीवर नाही. अकरा होत्या, एक यष्टिरक्षक पॅड न घालता. मुलं कडेला बसून आपली पाळी यायची वाट पाहत होती आणि कुरकुरत होती. माझी मुलगी पाच मिनिटांत त्यांच्यात जाऊन मिसळली. सीमारेषा त्यांनी आखली होती ती पूर्वेकडच्या कंपाउंडच्या भिंतीपर्यंत. सभागृह झालं तर ती रेषा खेळपट्टीच्या अलीकडे येईल. चेंडू मारायचा कुठे? मग पुन्हा ‘आधी मुलांचं होऊ दे’ सुरू होईल, कारण जागा कमी पडली की पहिल्यांदा कोण उठतं हे आपण पाहिलेलं आहे.

मी स्वतः त्या मैदानावर एक चेंडूही टाकला नाही. तरी ते वाचवा असं सांगायला मी उठले आहे, आणि मैदानावर ज्यांनी रोज संध्याकाळ घालवली ते पुरुष गप्प बसलेत, याची मला जरा गंमत वाटते.

माझी देणगी मी परत मागत नाही. सभागृह होऊ दे, फक्त ते सरकवा. जुनी प्रयोगशाळा पाडून झाली आहे, तिची जागा आणि शेजारची सायकल-स्टँडची पट्टी मिळून लांबी पुरते. रुंदी अडीच मीटर कमी पडते, ते मी मोजून पाहिलं. एक मजला वर नेला तर तोही प्रश्न सुटतो, पण खर्च वाढेल आणि वाढीव खर्चासाठी पुन्हा दारोदार जावं लागेल. मी यायला तयार आहे. तिसऱ्या रांगेतली ती डावखुरी बाईही येईल, मी तिला विचारलेलं नाही. आपल्या तुकडीत दोन सिव्हिल इंजिनीअर आहेत, त्यांनी माझं माप तपासावं. समितीची बैठक उद्या सकाळी दहाला मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे. दोन्ही नकाशे, समितीचा आणि मी काढलेला, चहाच्या टेबलाशेजारी लावले आहेत. पेन्सिलही ठेवली आहे, ज्याला जे खोडायचं ते खोडा. चहा आलेला दिसतोय, तेव्हा मी थांबते.